पट्टी, थेंब आणि वही : तीन महिन्यांच्या नोंदी

१० एप्रिल २०२५, गुरुवार

सुट्टीचा वार. कंपनीच्या वार्षिक तपासणीचा रिपोर्ट सोमवारी हातात आला. रक्तातली साखर उपाशीपोटी १६८, जेवणानंतर दोन तासांनी २६२, एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) ८.४. डॉक्टरांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "टाइप टू मधुमेह. कधीपासून असेल सांगता येत नाही, पण आता कळलंय." मेटफॉर्मिनची ५०० ची गोळी, दोन्ही जेवणांनंतर. इन्सुलिन नाही. घरी अधूनमधून तपासा, तीन महिन्यांनी पुन्हा एचबीएवनसी. अधूनमधून म्हणजे किती, हे विचारायचं राहूनच गेलं.

मी भोसरीला एका कारखान्यात इन्स्पेक्शनला आहे. सत्तावीस वर्षं मायक्रोमीटर आणि बोअर गेज हातात धरून जॉब पास की रिजेक्ट एवढंच ठरवतोय. आता टेबलावर मीच आलोय. म्हणून ही वही.

कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून घरी साखर मोजायचं मशीन आणलं. त्यासोबत रक्ताचा थेंब घ्यायच्या २५ पट्ट्या, वर ५० वेगळ्या घेतल्या. एक पट्टी साधारण वीस रुपयांना पडते. जुलैपर्यंत या ७५ मध्येच भागवायचं, असं बायकोसमोर कबूल केलंय.

पहिला प्रयत्न फुकट. मधल्या बोटाच्या बरोबर मध्ये टोचलं, थेंब मोहरीएवढाही नाही, पट्टी लावली आणि मशीनने एरर दाखवली. दुसऱ्या वेळी बोट लिंबासारखं पिळलं, तरी तेच. तिसऱ्या वेळी बायको म्हणाली, "अहो, आधी हात खाली सोडा जरा." हात कोमट पाण्याखाली धरला, मिनिटभर खाली लोंबकळत ठेवला, बोटाच्या कडेला टोचलं. थेंब आपणहून आला. १७१.

अण्णांची आठवण झाली. त्यांच्या काळी घरी परीक्षानळी, स्पिरिटचा दिवा आणि बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणाची बाटली असायची. द्रावणात लघवीचे आठ थेंब टाकून उकळायचे. निळं राहिलं तर साखर नाही. मग हिरवं, पिवळं, नारिंगी, आणि सगळ्यात वाईट ते विटकरी. आम्ही पोरं रंग बघायला भोवती जमायचो. रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेल्याशिवाय लघवीत उतरतच नाही, आणि उतरते तीही काही तास आधीची, हे मला आत्ता कळतंय. अण्णा कालचं वर्तमानपत्र वाचून आजचा दिवस ठरवत होते.

शिल्लक ७२.

११ एप्रिल

मशीनवर विश्वास ठेवायचा की नाही, हा आमच्याकडे पहिला प्रश्न असतो. नवीन गेज आलं की एकच जॉब पाच वेळा मोजतो. तेच केलं. सकाळी उपाशीपोटी, पाच मिनिटांत, एकाच हातावर : १५८, १७१, १६३, १४९, १६६. सरासरी १६१, सगळ्यात खालच्या-वरच्यात अंतर २२. बायको म्हणाली, "पाच मिनिटांत शंभर रुपये टोचून घेतलेत." बरोबर आहे तिचं. पण हे शंभर रुपये मला लागणारच होते.

घरच्या मशीनसाठी आयएसओ १५१९७ हे मानक आहे. २०१३ च्या आवृत्तीप्रमाणे शंभरातली पंच्याण्णव रीडिंग प्रयोगशाळेच्या आकड्यापासून १५ टक्क्यांच्या आत यायला हवीत. साखर शंभराच्या खाली असेल तर १५ मिलिग्रॅमच्या आत. म्हणजे खरी साखर १६० असताना मशीनने १३६ दाखवलं किंवा १८४ दाखवलं, तरी ते पास. आमच्याकडे एवढा टॉलरन्स ठेवला तर गिऱ्हाईक गाडी परत पाठवेल. पण इथे काम निराळं आहे. त्याला साजेसा नियम हवा, म्हणून असा ठरवला : दोन रीडिंगमध्ये तीसपेक्षा कमी फरक असेल तर त्यावर बोलायचंच नाही. खुश व्हायचं नाही, घाबरायचं नाही.

रिचर्ड बर्नस्टीन नावाचे न्यूयॉर्कचे एक इंजिनिअर होते, लहानपणापासून मधुमेह. १९६९ मध्ये त्यांनी रक्तातली साखर मोजायचं मशीन मागवलं. वजन तीन पौंड, किंमत साडेसहाशे डॉलर, आणि विकायचे फक्त डॉक्टरांना. बायको डॉक्टर, म्हणून तिच्या नावावर घेतलं. पुढे चाळिशी उलटल्यावर स्वतःच मेडिकलला गेले. एवढं माझ्याने होणार नाही. वही लिहीन.

शिल्लक ६७.

१७ एप्रिल, गुरुवार

प्रयोगशाळेत शिरेतून रक्त दिलं आणि तिथेच बाकावर बसून बोट टोचलं. प्रयोगशाळा १५२, माझं मशीन १५९. पाच टक्क्यांच्या आत. मशीन पास.

ही तुलना उपाशीपोटीच करायची. जेवणानंतर बोटातलं रक्त शिरेतल्या रक्तापेक्षा जास्त साखर दाखवतं, कारण शिरेत येईपर्यंत पेशींनी आपला वाटा काढून घेतलेला असतो. स्वतःच्या पहिल्या रिपोर्टच्या वेळी आमच्या स्टोअरवाल्याने जेवून घरचं मशीन लावलं होतं आणि 'लॅबवाले फसवतात' म्हणत सगळ्या शॉपमध्ये फिरला होता. कोणी फसवलं नव्हतं. रक्तच वेगवेगळ्या ठिकाणचं.

डॉक्टरांना फोन करून 'अधूनमधून'चा अर्थ विचारला. म्हणाले, नुसत्या गोळीवर आहात, रोज टोचायची गरज नाही. आठवड्यातून दोनदा उपाशीपोटी बघा, बाकी तुम्हाला काही कळून घ्यायचं असेल तेव्हा. तुमच्यासाठी उपाशीपोटी ८० ते १३० आणि जेवल्यावर दोन तासांनी १८० च्या आत, एवढं सध्या डोक्यात ठेवा.

'कळून घ्यायचं असेल तेव्हा' हे पटलं. अमेरिकेत इन्सुलिन न घेणाऱ्या ४५० रुग्णांवर केलेली एक चाचणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली होती. रोज घरी तपासणारे आणि अजिबात न तपासणारे यांच्या एचबीएवनसीत वर्षाअखेर म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. मला त्याचं नवल वाटलं नाही. आमच्याकडेही काही लोक तासातासाला रीडिंग घेतात, तक्त्यात भरतात आणि मशीनची सेटिंग कधीच बदलत नाहीत. तक्ता सुंदर दिसतो, जॉब तसाच रिजेक्ट.

तर पद्धत अशी. पट्टी फोडायच्या आधी वहीत प्रश्न लिहायचा. प्रश्न नसेल तर टोचायचं नाही. आणि जेवणाबद्दल प्रश्न असेल तर एकटं रीडिंग घ्यायचं नाही, जोडी घ्यायची : पहिला घास तोंडात जायच्या आधी एक, त्या घासापासून दोन तासांनी दुसरं. बघायचा तो दोघांमधला फरक. दोन तास ताटावरून उठल्यापासून मोजायचे नाहीत. माझं जेवण पाऊण तास चालतं.

शिल्लक ६६.

२७ एप्रिल

प्रश्न : सकाळचे पोहे चालतील का?

सत्तावीस वर्षं पोहे खाऊन कामावर जातोय. साडेसातला खाणं, साडेनऊला इन्स्पेक्शन रूमच्या बेसिनवर हात धुऊन रीडिंग. माझी बोटं कूलंटने आणि धातूच्या बारीक कडांनी कडक झालीत, टोचायच्या पेनावर सुईची खोली दोनवर ठेवली तर वर ओरखडा उठतो, रक्त येत नाही. चारवर ठेवावी लागते. अंगठा आणि तर्जनी सोडून द्यायची, कारण मायक्रोमीटर त्यांनीच फिरवायचा असतो.

नेहमीची डिश भरून पोहे : १४८ वरून २४१. दोन दिवसांनी पुन्हा : १५१ वरून २३३. मग अर्धी डिश पोहे आणि वर वाटीभर मटकीची उसळ : १४४ वरून १९६, आणि दुसऱ्या वेळी १३९ वरून १८७.

नुसते पोहे ८० ते ९० ने चढवतात, उसळीबरोबर ५० ने. फरक तिसाच्या वर आणि दोन्ही वेळा तसाच, म्हणजे खरा धरायला हरकत नाही. पोह्यांना मी फाशी देत नाहीये, त्यांची डिश लहान केलीय. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "हे मी टोचल्याशिवाय सांगितलं असतं." सांगितलं असतं हे खरं, पण मी ऐकलं नसतं.

शिल्लक ५८.

३० एप्रिल, अक्षय तृतीया

आज घाम फुटला.

आंब्याची पेटी आली होती. आमरस काढायचं काम दरवर्षी माझं. दहा-बारा आंबे पिळले, हात पंचाला पुसले, आणि जेवणाआधीचं रीडिंग घ्यायला बसलो. ३१२.

आयुष्यात पहिल्यांदा तीनशेच्या वरचा आकडा बघितला. बायको डॉक्टरांना फोन लावायला उठली. मी बोटाकडे बघत बसलो. नखाच्या कडेला केशरी रेघ होती. उठलो, साबणाने दोन्ही हात धुतले, स्वच्छ कोरड्या फडक्याने पुसले, दुसऱ्या बोटाला टोचलं. १३८.

मग राहवेना. पुन्हा आंब्याची साल त्या बोटावर चोळली आणि या वेळी स्पिरिटच्या बोळ्याने पाच वेळा पुसलं, दवाखान्यात पुसतात तसंच. २०९. म्हणजे स्पिरिटने जंतू जात असतील, साखर सगळी जात नाही. नंतर वाचलं, जपानमधल्या संशोधकांनी २०११ मध्ये संत्रं, द्राक्षं, किवी सोलायला लावून हेच तपासलं होतं : फळ हाताळल्यावर नुसतं स्पिरिट पुरत नाही, वाहत्या पाण्याखाली हात धुवावेच लागतात.

रात्री हिशेब केला. पट्टी थेंब ओढते तो साधारण अर्धा मायक्रोलिटर. एवढ्याशा थेंबात १३८ चे ३१२ व्हायला किती साखर लागेल? एक मायक्रोग्रॅमहूनही कमी. ग्रॅमचा दशलक्षावा भाग. पंचाला पुसलेल्या बोटावर त्याच्या कितीतरी पट होती.

आमरस एक लहान वाटी घेतला, पोळी एक. दोन तासांनी २२४. ते मात्र हात धुऊन, खरंखुरं.

शिल्लक ५४.

६ मे

प्रश्न : रात्री काही न खाता सकाळी साखर वाढते कशी?

रात्री झोपताना १२८, सकाळी सहाला १५३. घरात माझ्यावर संशय. "उठून लाडू खाता का?" असं सरळ विचारण्यात आलं. दुसऱ्या रात्रीही तेच, १३१ आणि १५७. तिसऱ्या रात्री गजर लावून तीनला उठलो. झोपताना १२६, तीनला १२२, सहाला १५४. म्हणजे वाढ पहाटेची. लाडवांचा डबा जसाच्या तसा.

डॉक्टर म्हणाले, हे यकृताचं काम. पहाटे शरीर जागं व्हायच्या तयारीला लागतं, कॉर्टिसोलसारखे हार्मोन चढतात, यकृत साठ्यातली साखर रक्तात सोडतं. ज्याचं इन्सुलिन नीट चालतं त्याच्याकडे ती लगेच आवरली जाते, आपल्याकडे उरते. मला पहाटपाळीची आठवण झाली. पाळी सुरू व्हायच्या आधीच स्टोअरवाला सगळा माल बाहेर काढून ठेवतो, मग कामगार येवोत न येवोत.

उपाशीपोटीचा आकडा हा कालच्या जेवणाचा निकाल नसतो, एवढं यातून समजलं. त्यावरून मी इतके दिवस रात्रीच्या भाकरीला शिव्या देत होतो.

शिल्लक ४७.

१५ मे, गुरुवार

नुकसान.

मंगळवारी पट्ट्यांची उघडी डबी स्कूटरच्या डिकीत राहिली. दिवसभर गाडी पार्किंगमध्ये पत्र्याखाली, मे महिन्याचं ऊन. आज सकाळी रीडिंग २०१. माझा सकाळचा आकडा इतका कधीच नसतो. त्याच डबीतली दुसरी पट्टी : ११८. तिसरी : एरर. मग दुसरी सीलबंद डबी फोडली : १४६.

पट्टीवर एन्झाइमचा पातळ थर असतो. रक्तातली साखर त्याच्याशी भिडते, त्यातून जो बारीकसा विद्युतप्रवाह निघतो तो मशीन मोजतं. ते एन्झाइम उष्णतेने आणि दमटपणाने बिघडतं. डबीवर स्पष्ट लिहिलं होतं, ३० अंशांच्या आत ठेवा. मी ते जेवणाच्या टेबलावर बसून वाचलंही होतं. फ्रिजमध्येही चालत नाही. बाहेर काढल्यावर घाम धरतो. डबीच्या झाकणात ओल शोषणारी पावडर असते म्हणून झाकण लगेच लावायचं आणि पट्ट्या कधी दुसऱ्या डबीत ओतायच्या नाहीत. डबी फोडलेली तारीख स्केचपेनने वर लिहायची, फोडल्यानंतरची मुदत छापील मुदतीपेक्षा वेगळी असते.

डबीतल्या उरलेल्या सगळ्या केराच्या टोपलीत. बावीस पट्ट्यांची डबी, चारशे चाळीस रुपये. आज घरात हा विषय काढायचा नाही.

पण प्रश्न राहतोच : पुण्यात मे महिन्यात घरात ३० अंश कुठे असतात? आमच्या तिसऱ्या मजल्यावर तर नाहीतच. उत्तर कामावर सापडलं. आमची इन्स्पेक्शन रूम बारा महिने २० अंशांवर ठेवलेली असते, कारण लांबी मोजायचं जगभर ठरलेलं तापमान तेच. तिथे स्लिप गेजच्या (मापं पडताळायच्या ठोकळ्यांच्या) कपाटात, लाकडी पेटीशेजारी, सीलबंद डब्या ठेवल्या. साहेबांनी विचारलं तर कॅलिब्रेशनचं सामान आहे असं सांगणार, आणि ते खोटं नाही.

नवीन ५० घेतल्या. शिल्लक ७४.

२८ मे

कपाट उघडं दिसलं आणि चहाच्या सुट्टीत रांग लागली. हेल्पर, लेथवाला, पॅकिंगमधले दोघं. "आमचंही बघा की." लेथवाल्याने तर माझं टोचायचं पेन उचलून बोटाला लावलंही होतं. हिसकावून घेतलं. त्याला राग आला.

सुई बदलली तरी एकाचं पेन दुसऱ्याने वापरायचं नाही. पेनाच्या तोंडाला न दिसणारं रक्त राहतं, आणि त्यातून हिपॅटायटिस बी पसरल्याची उदाहरणं आहेत. हे त्याला सांगितलं तेव्हा जरा निवळला. शिवाय असं मधेच एकदा टोचून ९४ आले म्हणजे 'मला साखर नाही' असं ठरत नाही. त्याला प्रयोगशाळेतला उपाशीपोटीचा रिपोर्ट किंवा एचबीएवनसी लागतो. हेल्पर म्हणाला, "पण मी तर काटकुळा. मला कशी होईल?" मीही तेच म्हणायचो. मग त्यांना पुण्याच्या केईएममधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांची गोष्ट सांगितली. दोघांचं उंची-वजनाचं प्रमाण तंतोतंत सारखं, बीएमआय २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. दोघांचा शेजारी-शेजारी फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला होता. लॅन्सेट म्हणजे ते वैद्यकीय साप्ताहिक हो, ही सुई नव्हे; टोचायच्या सुईलाही लॅन्सेटच म्हणतात.

हेल्परने स्वतःच्या पोटाकडे बघितलं. सोमवारी रक्त द्यायला जातो म्हणाला.

कबुली : मीही एक सुई चार-चार दिवस वापरत होतो. काटकसर. जॉबची सावली मोठी करून दाखवणाऱ्या आमच्या प्रोफाइल प्रोजेक्टरखाली वापरलेली सुई धरून बघितली. टोक सावलीत वाकडं दिसतं. आता दर वेळी नवीन. वापरलेल्या सुया फिनाइलच्या जाड रिकाम्या बाटलीत टाकतो, झाकण फिरवून घट्ट. घंटागाडीवरची बाई आमच्या पिशव्या हाताने निवडते.

८ जून

आतापर्यंतचं सगळ्यात कामाचं पान हे.

प्रश्न : जेवल्यावर चालल्याने फरक पडतो का, की उगाच म्हणतात?

चार रात्री. ताट एकच ठेवलं : दोन वाट्या भात, आमटी, मेथीची भाजी, काकडीची कोशिंबीर. बायकोने भात वाटीने मोजून वाढला, हसत. पहिल्या आणि तिसऱ्या रात्री जेवून बातम्या बघत बसलो. १३७ वरून २१४, १४२ वरून २०८. दुसऱ्या आणि चौथ्या रात्री जेवून लगेच वीस मिनिटं सोसायटीला फेऱ्या. १४१ वरून १७२, १३६ वरून १७४.

बसून सत्तरच्या आसपास चढ, चालून पस्तीसच्या. त्याच भातात.

मी दुसरं रीडिंग बघून मशीन खाली ठेवलं आणि पुन्हा उचललं. स्नायू हालायला लागले की इन्सुलिनची फारशी वाट न बघता रक्तातली साखर आत ओढतात, हे वाचलं होतं. वाचणं वेगळं. बोटाला टोचून समोर १७२ आल्यावर ते माझं झालं. पाचव्या रात्री पट्टी नव्हती, प्रश्न नव्हता, तरी जेवून चपला घातल्या. बायकोही आली.

२० जून, शुक्रवार

रजा टाकली. तुकोबांची पालखी काल आकुर्डीला मुक्कामी होती, आज पुण्याकडे. दरवर्षी आम्ही शॉपमधले पाच-सहा जण दापोडीपर्यंत चालतो. या वर्षी खिशात मशीन, ग्लुकोज पावडरची पुडी आणि चार सुट्या सुया.

निघताना, नाश्त्यानंतर, १६४. दापोडीला ९७. वाटेत केळी, राजगिऱ्याचे लाडू, चहा कोणी ना कोणी हातात ठेवतच होतं; मी अर्धं केळं घेतलं.

कासारवाडीच्या पुढे आमच्या पॅकिंगमधले एक जण थांबले. कपाळाला घाम, हात थरथरत होते, बोलणं जरा अडखळत. त्यांना मधुमेह जुना, ग्लिमेपिराइड घेतात. सकाळी गोळी घेतली आणि उपास म्हणून पोटात काही नाही. नुसत्या मेटफॉर्मिनवर साखर सहसा इतकी खाली जात नाही, पण ग्लिमेपिराइडवर जाते. नवीन सुई काढून पेनाशिवाय हातानेच त्यांच्या बोटाला टोचली. ६१. सत्तरच्या खाली म्हणजे वाट बघायची नाही. तीन चमचे ग्लुकोज पाण्यात, म्हणजे पंधराएक ग्रॅम. फुटपाथवर बसवलं. पंधरा मिनिटांनी ८८. मग बिस्किटं आणि केळं खायला लावलं आणि रिक्षात घातलं. ते म्हणत होते, "उपास मोडला." शेजारचे टाळकरी म्हणाले, "माऊली, विठोबा काय पट्टी लावून बघतोय का?"

६ जुलै, आषाढी एकादशी

आई म्हणाली, "उपासाला साखर कशी वाढेल? उपास म्हणजे उपास."

प्रश्न तिचाच लिहिला.

साबुदाण्याची खिचडी, नेहमीची प्लेट, दाण्याचं कूट भरपूर, वर दही. आधी १२६. एका तासाने २०३, दोन तासांनी २२१, तीन तासांनी १७९. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. कूट आणि तुपामुळे चढ जरा रेंगाळत आला असावा. पण एकाच जोडीवर मी तो निकाल लिहीत नाही.

आईला वही दाखवली. तिने चष्मा लावून २२१ वर बोट ठेवलं आणि म्हणाली, "मग पोह्यांपेक्षा हे वाईट?" "निदान तेवढंच," म्हणालो. बराच वेळ गप्प बसली. संध्याकाळी मला भगर आणि शेंगदाण्याची आमटी, तीही अर्धी वाटी. स्वतः खिचडीच खाल्ली.

१० जुलै, गुरुवार

तीन महिने झाले. एचबीएवनसी ६.९. एप्रिलमध्ये ८.४ होतं.

माझ्या वहीतल्या सगळ्या रीडिंगची सरासरी १६५ येते. सूत्राप्रमाणे ६.९ म्हणजे सरासरी साधारण १५१. मग मशीन जास्त दाखवतंय का? नाही. मी टोचलंय तेच मुळी जिथे गडबडीची शंका होती तिथे : पोह्यांनंतर, आमरसानंतर, खिचडीनंतर. दुपारी चारला किंवा रात्री दोनला, साखर शांत असताना, मी कधी तपासलंच नाही (ती तीन वाजताची एक रात्र सोडून). रिजेक्टच्या ढिगातून नमुने घेऊन सगळ्या लॉटची सरासरी काढायची नसते. एचबीएवनसी रात्रंदिवस, लाल पेशींच्या सुमारे १२० दिवसांच्या आयुष्यभर नोंद ठेवतं. माझी वही फक्त प्रश्नांची.

डॉक्टरांनी हिमोग्लोबिनही बघितलं, १४.२. लोह कमी असेल तर एचबीएवनसी फसवं जास्त दिसतं आणि पट्टीवरचं रीडिंगही चुकतं, म्हणून. वही चाळली. ८ जूनच्या पानावर थांबले, दोनदा वाचलं. गोळी तीच ठेवली. "आता आठवड्याला एक उपाशीपोटी पुरे," म्हणाले, "आणि डोळ्यांचा पडदा तपासून घ्या, ते अजून केलं नाहीत तुम्ही." खरंच केलं नव्हतं. त्याला पट्टी लागत नाही म्हणून वहीत कधी आलंच नाही. बुधवारची वेळ घेतली.

शिल्लक ४४, त्यातली एक डबी फोडलेली, सप्टेंबरपर्यंत चालेल.

पुढचा प्रश्न बायकोने लिहिलाय, तिच्या अक्षरात : ज्वारीची भाकरी की गव्हाची पोळी, भाजी तीच. खाली ओळ मारून : 'आणि दोघांनीही चालायला जायचं नाही त्या रात्री, नाहीतर कळायचं नाही.'